भिंतीपलीकडचा पाळणा

मंडळी, ऐका. आज प्रश्न एकच. मनगटावर घड्याळ, खिशात फोन, आणि दोघांची एकमेकांशी सोयरीक — या घड्याळाचा माणसाला खरंच काही उपयोग आहे का?

हसू नका. मगाशी पेटीवाल्या दादांचा हात थरथरला. मला वाटलं, भक्तीनं. तर घरून निरोप — येताना कोथिंबीर आणा! आणि हे आमचे मृदंगाचे नाना. त्यांचं घड्याळ पावलं मोजतं. बसल्या जागी चार हजार झाली म्हणे. नाना, कुठवर पोचलात?

असो. गोष्ट इचलकरंजीकडची. यंत्रमागांच्या गावची.

गोदाक्का नावाची बाई. नवरा गेल्यावर घरचे सोळा माग तिनं एकटीनं चालवले. भिंतीच्या अलीकडं घर, पलीकडं माग. अक्काचा कान कसा? सोळातल्या एकाचा आडवं सूत नेणारा धोटा अडकला, तर पाठ न वळवता म्हणणार — "सातवा बघ रे." आणि सातवाच असायचा. त्या कानाचा तिला केवढा अभिमान!

या घरात सून आली. रेवती. जन्मापासून ऐकू येत नाही. काही म्हणजे काही नाही.

लोक म्हणाले, अक्का, हे काय करून बसलीस? पण मंडळी, सोळा माग चालू असताना तिथं कुणाला काय ऐकू येतं? सगळे ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन बोटं वर — सुताची कांडी संपली. मूठ आपटली — माग थांबव. रेवती पहिल्या दिवशी आत गेली आणि बघतच राहिली. सगळं सासर तिच्या भाषेत बोलत होतं! महिन्याभरात चार माग सांभाळायला लागली. तळपायाखालचा हादरा बदलला की तिला कळायचं, कुठंतरी सूत तुटलं.

अक्का पेठेत सांगायची, "माझी सून." मान ताठ.

आणि मुलगी झाली. सई.

इथं अक्का भ्याली. नात तीन महिन्यांची झाली, रेवती परत मागावर यायची वेळ आली, तेव्हा अक्कानं मुलाला, मल्लिनाथला, समोर बसवलं.

"सईला सुशीकडं ठेवू. मिरजेला. तीन वर्षांची झाली की आणू."

सुशी म्हणजे अक्काची लेक. प्रेमळ बाई.

"आई, पण रेवती..."

"पोर रडलं तर हिला कळणार कसं? तू सांग की."

रेवतीनं दोघांचे ओठ वाचले होते. ती रडली नाही. भांडली नाही. उठून पाळण्याची दोरी घट्ट केली.

चार दिवसांनी तिच्या मनगटावर घड्याळ आलं. मल्लिनाथचा फोन तिनं पाळण्याच्या दांडीला बांधून टाकला. बाळ रडलं की फोन ते ओळखतो, मनगटावर घड्याळ थरथरतं, वर अक्षरं उमटतात — बाळ रडतंय.

"हे काय गं नवीन?" अक्का.

रेवतीनं हातानं सांगितलं — "माझा कान."

"कान मनगटावर असतो व्हय?"

"मागांसाठी पायात ठेवलाय, तेव्हा नाही विचारलंत, आत्याबाई."

तोंडातून शब्द नाही, पण उत्तर बघा!

अक्का म्हणाली, "आठ दिवस. पोर रडलं आणि एकदा जरी तुझ्याआधी मी पाळण्याशी पोचले, तर सई मिरजेला."

रेवतीनं मान हलवली. कबूल.

आता खोटं कशाला सांगू? ते घड्याळ रोज चार्जिंगला लावावं लागायचं. फोन लांब गेला की मुकं व्हायचं. दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ सवयीनं फोन खिशात घालून निघाला. रेवतीनं त्याला कोपऱ्यावरून धरून आणलं. "हा आता तुमचा नाही. सईचा आहे." एकदा मांजर ओरडलं, तरी ही पळाली. अक्का हसली — "निघाल्या बाई फेरफटक्याला."

पण सात दिवस रेवती पुढं, अक्का मागं.

आठवा दिवस. दुपारचे चार. सोळाही माग चालू. आणि —

नाना, वाजवा. जोरात. पेटी चढवा. टाळकरी, सगळे. अजून!

—

—

बस.

आत्ता मी काय म्हणालो? ओठ हलत होते ना माझे? तुम्ही पाच हातांवर बसलाय. एकालाही ऐकू आलं नाही. मी म्हणालो, पोर रडतंय.

रेवतीचं मनगट थरथरलं. हातातली कांडी टाकून ती धावली.

पाळण्याच्या दोरीवरून तांबड्या मुंग्यांची रांग उतरली होती. तेल लावून न्हाऊ घातलेलं पोर. मानेवर, कानामागं, दुपट्यात, मुंग्याच मुंग्या. रेवतीनं सईला उचललं, अंगावरचं सगळं काढून फेकलं आणि एकेक मुंगी टिपायला लागली. हात थांबत नव्हते.

मागून अक्का आली. रागानं.

"सारखी पळतीस, माग कुणी बघायचे? मी दोन पोरं याच पाळण्यात वाढवली, पलीकडं माग चालू ठेवून. एकदा रडली नाहीत गं माझी —"

आणि ती थांबली.

उंबऱ्यावर पाय ठेवल्यावर कुठं तिला सईचा आवाज ऐकू आला होता. पोराचा घसा बसत आला होता. तीन पावलं मागं, मागांपाशी, तिच्या त्या नावाजलेल्या कानाला काहीच आलं नव्हतं.

तीस वर्षं ती हे वाक्य पेठेत मिरवत होती. माझी पोरं गुणाची. कधी रडली नाहीत.

मंडळी, पुढचं मी बोलत नाही. अक्का भिंतीला टेकून खाली बसली. भिंत हादरत होती.

मग तिनं हात उचलले. मागांपाशी जन्मभर हातानं बोललेली बाई घरात पहिल्यांदा हातानं बोलली. "तुझी पोर. तुझ्याजवळच राहील."

रेवतीनं आभार मानले? नाही. कशाचे मानायचे? तिनं डोळे पुसले, शांत झालेली सई सासूच्या मांडीवर ठेवली आणि बोटांनी सांगितलं — "माझे चार माग तसेच चालू आहेत. तुम्ही बसा. रडली तर मला कळेल."

आणि ताठ मानेनं आत गेली.

पुढच्या मंगळवारी देवळात एकीनं अक्काला डिवचलं. "काय अक्का, त्या बहिऱ्या सुनेच्या हवाली केलंस व्हय पोर?"

अक्का म्हणाली, "आमच्या घरात ऐकू येणारी तेवढी एकच हाय."

तर मंडळी, उपयोग आहे का? आहे. पण रेवतीनं फोन पाळण्याला बांधला होता. आपण कशाला बांधलाय? आपल्याही घरात माग धडधडत असतात. दुकान, निवडणूक, गटबाजी. माझं कीर्तनसुद्धा एक मागच. आणि त्या आवाजात उभं राहून छाती काढून सांगतो — आमच्या घरात कुणाची काही तक्रार नाही. विचारलं कधी? थांबून ऐकलं?

चला, उभे राहा. देवीच्या नावाचा गजर करू. पण आज जरा हळू. भिंतीपलीकडं कुणीतरी काही म्हणत असेल.