कुरामा पर्वत ते उस्मानपुरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आप्पासाहेब, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आपल्या रेकीच्या गुरू द्वारकाबाई, पहिल्या रांगेत ऐटीत बसलेले माझे धाकटे दीर काकासाहेब, आणि उस्मानपुऱ्यातल्या माझ्या सख्यांनो,

द्वारकाबाई लेकीकडे नाशिकला कायमच्या चालल्या. अकरा वर्षं चालवलेला गुरुवारचा वर्ग त्यांनी मला सांभाळायला सांगितलाय, आणि महिनाभर मी नुसती ‘बघू, बघू’ करतेय. आज उत्तर द्यायचं आहे. मी नाही म्हटलं तर वर्ग बंद. म्हणून आधी जरा जपानला जाऊन येते. आप्पासाहेब, घड्याळ बघू नका, तिकीट लागत नाही!

मी सातवी शिकलेली. जे काही कळलं ते वाचनालयात बसून. मिकाओ उसुई नावाचे गृहस्थ १९२२ साली कुरामा पर्वतावर एकवीस दिवस उपाशी बसले. तिथं त्यांना ही हात ठेवून दुखणं हलकं करायची विद्या गवसली. असं सांगतात, की उतरताना अंगठ्याला ठेच लागली, त्यांनी हातानं धरला आणि दुखणं थांबलं. आता मला सांगा, ठेच लागल्यावर आपण तरी दुसरं काय करतो? फक्त आपण त्याआधी एकवीस दिवस उपास करत नाही, एवढाच फरक!

त्यांच्याकडून ती हायाशी नावाच्या आरमारातल्या डॉक्टरांनी घेतली. त्यांच्या दवाखान्यात हवाई बेटावरून एक आजारी बाई आली, ताकाता. विधवा, पदरी दोन मुली. उपचार करणाऱ्याचे हात इतके गरम, की बाईनं म्हणे त्याची बाही धरून आत यंत्र लपवलंय का ते पाहिलं. मला ही बाई फार आवडते. विश्वास ठेवावा, पण आधी बाही बघावी. तिनंच ही विद्या जपानबाहेर नेली, बावीस जणांना गुरू केलं, आणि फिरत फिरत नव्वदच्या सुमारास ही विद्या आपल्या देशात आली.

आणि उस्मानपुऱ्यात आल्यावर तिचं काय झालं? ते काकासाहेबांना विचारा!

गेल्या साली यांची कंबर धरली. पंधरा दिवस अजिंठ्याला आपल्या घरी खाटेवर. लांबच्या माणसाला फोटोवरून रेकी देतात, म्हणून आम्ही यांचा फोटो माझ्या घरी टेबलावर ठेवला. आता आपली सवय कशी? फोटो नुसता कसा ठेवायचा? कुणी फूल वाहिलं, कुणी उदबत्ती लावली. आम्ही सातजणी भोवती डोळे मिटून बसलो. वीस मिनिटं बोलायचं नाही, हा द्वारकाबाईंचा नियम.

तेवढ्यात शेजारच्या आवडाबाई दारात. “अगं बाई! काकासाहेब? कवा गेले?”

कोण बोलणार? नियम! त्यात माझ्या डोळ्यांतून पाणी चाललेलं.

“सकाळीच का? व्हय, सकाळीच असंल,” म्हणत त्या गेल्या. अर्ध्या तासात, मयताच्या घरी शेजारी नेतात ती कडू घासाची पिठलं-भाकरी घेऊन हजर, वर कडुलिंबाचा डहाळा. आणि वाटेत अजिंठ्याच्या किराणा दुकानात फोन करून झालेला! दुकानदार धावत यांच्या घरी गेला. हेच दारात आले.

“कोण गेलं रे?”

“तुम्हीच की!”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं माझ्या दारात. ताठ उभे! “वैनी, माझ्या मयताला मलाच उशीर झाला. पिठलं उरलंय का?” कंबर रेकीनं सुटली की रागानं, ते आजवर ठरलेलं नाही.

हसलात, बरं वाटलं. पण त्या दिवशी डोळ्यांत पाणी का होतं, तेही सांगते. मी रेकी शिकले ती आमच्या ह्यांच्यासाठी. डॉक्टरांचे उपाय संपत आले होते. मी रोज त्यांच्या पोटावर हात ठेवायची. “राहू दे हात, ऊब लागतीय,” म्हणायचे. तसंच म्हणत गेले. सहा वर्षं झाली. माझ्या हातानं ते वाचले नाहीत.

म्हणून मी ‘बघू’ म्हणत होते. उद्या एखादी घाबरलेली बाई येऊन विचारील, “माझा माणूस बरा होईल ना?” माझ्याकडे ‘हो’ नाही. हे मी द्वारकाबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “हो म्हणणाऱ्या लई भेटतात तिला. तुम्ही खरं सांगा, आन् मग हात ठेवायला शिकवा.”

या बोलण्याचीही मी बाही बघितली, आत काही लपवलेलं नव्हतं.

तेव्हा द्वारकाबाई, माझी एकच अट. डॉक्टरांची गोळी बंद करून कुणी माझ्याकडे यायचं नाही. फोटोला फूल वाहायला मात्र माझी हरकत नाही, आवडाबाईंना आधी कळवा म्हणजे झालं!

मंडळानं मला बोलू दिलं, आप्पासाहेबांनी पाचाची बारा मिनिटं होऊ दिली, काकासाहेबांनी स्वतःचं मरण चारचौघांत सांगू दिलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, काही चुकलं असेल, तर मनात ठेवू नका. गुरुवारी चारला वर्गात येऊन तोंडावर सांगा. दार मी उघडणार आहे.