तांबडीचं पहिलं वेत

सासू: दोर धर म्हणतेय ना! पाय दिसतोय, दोघी मिळून ओढू.

सून: एकच पाय दिसतोय, आई. दुसरा सापडल्याशिवाय कोणी ओढायचं नाही.

सासू: आमचे डॉक्टर असते तर एव्हाना वासरू बाहेर असतं.

सून: तुमचे डॉक्टर परगावी लग्नाला गेलेत. या गोठ्यात आत्ता मीच डॉक्टर.

सासू: तू कुत्र्यामांजरांना सुया टोचणारी. लग्न होऊन आल्यापासून माझ्या तांबडीला कधी हात तरी लावलास?

सून: तुम्ही लावू दिलात कुठे? शेपूट बाजूला धरा. आणि साबणाचं पाणी ओता, कोपराच्या वरपर्यंत.

सासू: ओतलं. काय लागतंय हाताला?

सून: नाक... कपाळ. थांबा, पायाला चिमटा काढते. ओढला! पाय मागे ओढला. जिवंत आहे.

सासू: मग काढ ना बाई बाहेर!

सून: दुसरा पाय गुडघ्यात दुमडलाय. असंच ओढलं तर वासरू अडकेल आणि तांबडी आतून फाटेल. आधी त्याला मागे ढकलायचंय.

सासू: मागे? यायला निघालेल्याला मागे?

सून: दारात पलंग अडकला की आधी मागेच घेतो ना? तसंच. पण कळ येतेय, जाऊ दे ती... गेली. आता.

सासू: हात काळानिळा पडलाय तुझा.

सून: पडू दे. खूर मुठीत आलाय. मूठ सोडली तर गर्भपिशवीला ओरखडा जाईल. हळू... हळू... आला! दोन्ही पाय, मधे तोंड. आता आणा तुमचा दोर. कळ आली की ओढायचं, आणि खाली, तिच्या खुरांकडे.

सासू: ते मला नको शिकवूस. चल गं तांबडे, लाव जोर. लाव माझी माय!

(दोघी ओढतात. वासरू पेंढ्यावर घसरून पडतं.)

सासू: हलत नाहीये.

सून: नाकातला चिकटा पुसा. मी छाती चोळते. ती काडी द्या, नाकात फिरवू.

सासू: शिंकली! शिंकली गं! कालवड आहे.

सून: छान. पण आई, हिचा खालचा जबडा बघा.

सासू: ...आखूड आहे.

सून: बाप आपलाच वळू ना?

सासू: मग? त्याच्या लेकी दुधाला कशा आहेत बघतेस ना. तांबडीही त्याचीच लेक. चांगल्यात चांगलं मिसळावं म्हणून मीच जुळवलं.

सून: चांगलं मिसळतं तशी लपलेली खोटही मिसळते. बाहेरची गाय असली तर बहुतेकदा झाकून राहते. बापलेकीत ती दोन्हीकडून येते आणि उघडी पडते.

सासू: ढवळीचं वासरू मेलेलं आलं. तीही त्याचीच लेक.

सून: ते यामुळेच, असं छातीठोक नाही सांगणार मी. पण हे दिसतंय ते तुम्हालाही दिसतंय.

सासू: वळू मी कुणाला देणार नाही. हाताने वाढवलाय.

सून: देऊ नकाच. लेकींपासून लांब बांधा. त्यांच्यासाठी बाहेरचं बीज आणू.

सासू: आणू नाही, तू आण. पण आधी मला विचारून. दांडगी वासरं देणारा वळू नको, माझ्या पाड्या नाजूक आहेत.

सून: विचारून आणते.

सासू: आता हिचं बोल. या तोंडाने हिला पिता येईल?

सून: सडाला लावून बघू. नाहीच जमलं तर चीक बाटलीने पाजू.

सासू: बाटलीचं नंतर. तू मान धर, मी सड देते. उभी राहा गं तांबडे, पाय आवर!

सून: सुटलं.

सासू: पुन्हा धर. बोटाने जीभ खाली दाब.

सून: पुन्हा सुटलं.

सासू: सुटू दे. आपल्याला कुठे जायचंय? धर.

सून: धरली. जीभ दाबलीय, द्या सड.

सासू: ओढतेय का?

सून: माझ्या बोटासकट.

सासू: मग बोट काढू नकोस. पिऊ दे पोटभर.