सोहम दाबके हा विद्यार्थी हरवला नसल्याबाबत

मी, सौ. कुमुदिनी श्रीपाद दाबके, वय ६१ वर्षे, व्यवसाय घरकाम, राहणार सोनिवली, बदलापूर, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारलेल्या प्रश्नांवरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पती अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, आता निवृत्त आहेत. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राजसी राहते. ती अंबरनाथ येथील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. तिची नोकरी कायम नाही, दर वर्षी नव्याने नेमणूक होते.

काल सदर महाविद्यालयात दर्जा तपासणारी बाहेरची समिती आली होती. तिच्या मतावर महाविद्यालयाची श्रेणी ठरते. समिती पालकांशीही बोलते. पालक गोळा करण्याचे काम राजसीकडे होते. सकाळी ती आमच्याकडे येऊन म्हणाली, "काकू, दोन पॅरेंट्सनी ऐन वेळी टांग दिली." त्यातील एकांचे उल्हासनगर कॅम्प १ मध्ये कापडाचे दुकान आहे. ते म्हणाले होते, "मॅडम, सीझन है, कमिटीलाच दुकानावर घेऊन या." राजसी मला म्हणाली, "तुम्ही फक्त पालक म्हणून बसा. विचारलंच तर कॉलेज छान आहे म्हणा. बाकी मी बघते." मी इस्त्रीची साडी नेसून गेले. पतींना भिशीला जाते असे सांगितले.

समितीचे अध्यक्ष डॉ. शरदचंद्र हे वयस्कर गृहस्थ आहेत. इतर पालक ओळीने "छान आहे" म्हणत होते व अध्यक्षांना डुलकी येत होती. माझी पाळी आल्यावर मीही छान आहे म्हणाले. तिथेच थांबायला हवे होते. परंतु त्यांनी विचारले, "मुलाचं नाव काय?" मी सोहम असे सांगितले. "अभ्यासात कसा आहे?" त्यावर मी सांगितले की भाषा चांगली आहे, गणिताचा कंटाळा करतो, बापासारखा हट्टी आहे आणि साय काढून दिल्याशिवाय दूध पीत नाही. एवढे सांगण्याची गरज नव्हती. राजसीने मागून चिमटा काढला. तरी मी पुढे म्हणाले की इथला पाण्याचा कूलर बंद असतो, पोरगं तहानलेलं घरी येतं. कूलर बंद असल्याचे मी जिना चढून आल्यावर स्वतः पाहिले होते.

अध्यक्ष ताठ बसले. म्हणाले, "सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी सांगितलं. बोलवा या सोहमला."

प्राचार्य दौलतराव लगेच म्हणाले, "सर, तो विठ्ठलवाडीला सर्वेक्षणाला गेलाय." त्याच वेळी मी म्हणून बसले, "इथेच असेल की, सकाळी माझ्याबरोबरच निघाला." दारात वर्गप्रतिनिधी भूपेश उभा होता. समितीसमोर 'माहीत नाही' म्हणायचे नाही, अशी मुलांना ताकीद होती. अध्यक्षांनी विचारल्यावर तो म्हणाला, "सोहम ना? वलखतो ना सर. आमच्याच वर्गान हाय. पन आठवडा झाला, आलाच नाय."

अध्यक्ष उभे राहिले. "आई म्हणते आला, प्राचार्य म्हणतात पाठवला, मित्र म्हणतो आलाच नाही. मी वर्षानुवर्षं होस्टेल सांभाळलंय. हे लक्षण बरं नाही." एवढे बोलून त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून पोलिसांना फोन लावला. प्राचार्यांना मुलगा नाही असे म्हणता येईना व आहे असेही म्हणता येईना. मी बोलायला उठले, तर राजसीने माझा पदर धरला. तिचा चेहरा पाहून मी बसले. तिला नोकरीची भीती होती.

पोलीस आले व इमारत शोधू लागले. 'भाषा प्रयोगशाळा' अशी नवी पाटी असलेली खोली बंद होती. तिची किल्ली बाहेरगावी गेलेल्या सरांकडे आहे, असे समितीला सकाळी सांगितले होते. पोरगा आत कोंडला असेल म्हणून पोलीस साहेबांनी कुलूप तोडायला लावले. प्राचार्य "राहू द्या, राहू द्या" म्हणत होते. आत मोडकी बाके व गणपतीचे मखर निघाले. उंदीर सोडल्यास सजीव कोणी नव्हते. समितीच्या एका सदस्यांनी मखराचा फोटो काढला.

दरम्यान हवालदार भगवंत हे मुलाचा फोटो आणायला आमच्या घरी गेले होते. त्यांचा फोन आला, तो साहेबांनी स्पीकरवर ठेवला. हवालदार म्हणाले, "साहेब, वडील भेटले. सोहमचे वडील तुम्हीच का विचारलं, तर आधी मला खुर्ची दिली, मग हो म्हणाले. फोटो नाही म्हणतात, पण वर्णन दिलंय. उंची वडिलांएवढी, रंग आईवर, चष्मा आहे, केस विंचरत नाही."

ते ऐकून मी म्हणाले, "साहेब, शोध थांबवा. असा मुलगा नाही."

पतींनी खोटी माहिती दिली असे साहेब म्हणतात. त्याबाबत माझे म्हणणे असे की, त्यांना महाविद्यालयातला प्रकार काहीच माहीत नव्हता. आम्हांला मूलबाळ नाही. सोहम हे नाव आमच्या घरात लग्नापासून आहे. चष्म्याचे मलाही माहीत नव्हते. याहून अधिक मला सांगायचे नाही.

मी खरे सांगितल्यावर प्राचार्य खुर्चीत बसले. राजसी रडू लागली. अध्यक्ष माझ्याकडे वळले. मग त्यांनी विचारले, "आणि तो कूलर?" मी म्हणाले, "तो खरा आहे." त्यांनी स्वतः जाऊन नळ सोडून पाहिला. परत येऊन राजसीकडे बोट करून प्राचार्यांना म्हणाले, "या मॅडमना काढलंत, तर तेही अहवालात लिहीन." श्रेणी काय मिळेल ते मला माहीत नाही. आज सकाळी राजसी म्हणाली की कूलर दुरुस्त करायला माणूस आला आहे.

मी घरी गेले तेव्हा पतींनी विचारले, "जेवलीस का?" मग त्यांनीच पाने घेतली.

हरवल्याची नोंद रद्द करण्यास माझी हरकत नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, मुलाविरुद्धही नाही.

हे सर्व साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच लिहिले आहे व ते खरे आहे. नोंदीत 'अस्तित्वात नसलेला मुलगा' असे शब्द आहेत. त्याऐवजी 'घरी असलेला' असे लिहावे, अशी मी विनंती केली. कायद्यात बसत नाही असे साहेब म्हणाले, म्हणून तसेच राहू देऊन खाली सही केली.