अनुग्रहच्या कोऱ्या तारा

मंडळी, ऐका! आज एका प्रश्नाचं उत्तर घेऊनच उठायचं. देवाला द्यायचं ते कोरं द्यावं, की मुरलेलं द्यावं? — हां, पहिल्या रांगेतून 'कोरं' आलं लगेच! थांबा जरा. मावशी, पाहुण्याला लोणचं कालचं वाढता की गेल्या वर्षीचं? बघा, गेल्या वर्षीच्याच बरणीकडं बोट गेलं!

तर राहुरीच्या पलीकडं एक गाव, गावात छोटं चर्च, आणि तिथल्या गायनमंडळात अनुग्रह साळवे. वय एकोणतीस, धंदा मोटारी वाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार गुंडाळायचा. त्या गायनमंडळात चाळीस वर्षं बेस गिटार वाजवली भास्करकाका उमापांनी. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाणं वर फुलतं, पण उभं राहतं ते तिच्या 'धुम्'वर! काकांचा 'धुम्' कसा? जुन्या रेडिओतून यायचा ना — गोल, ऊबदार, कानाच्या आधी पोटात पोचणारा — तस्सा! अनुग्रह सहा वर्षं काकांच्याच गिटारवर शिकला. पण काकांचे हात थरथरायला लागले, गिटारची मान तडकली. दोघं एकाच वर्षी रिटायर!

जागा अनुग्रहला मिळाली, पण अटीवर. गायनमंडळ चालवायच्या सुनंदाबाई पारधे. शाळेतून निवृत्त, शिस्तीतून नाही. त्या म्हणाल्या, "हंगामाच्या सणापर्यंत बघते. काकांसारखा आवाज आला तर ठीक. नाहीतर खालचे सूर जोएल कीबोर्डवर डाव्या हातानं वाजवेल. तू सतरंज्या घालायला ये."

सहा वर्षांची मेहनत, आणि सतरंज्या! अनुग्रह दुसऱ्याच दिवशी पुण्याला. खिशात अठरा हजार, आणि आवाज पाहिजे जुन्या रेडिओतला! दुकानदारानं भिंतीवरून एक सेकंडहँड बेस काढली. अनुग्रहनं अंगठा टेकवला — धुम्! तोच! किंमतही बजेटात! डोळ्यांत पाणी आलं गड्याच्या. मग विचारलं, कुणाची होती? दुकानदार म्हणाला, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातली.

झालं! देवाच्या कामाला वरातीत वाजलेली गिटार? परत भिंतीवर! आणि घेतली कोणती? कोरी, पण कारखान्यातच घासून रंग उडवलेली. म्हणजे मंडळी, जुनेपणा तर हवा, पण कुणाचा हात लागलेला नको! हसू नका, तुम्ही विटक्या जीन्सला जास्त पैसे देता, मला माहितीये.

सरावाला वाजवली. टंग! स्टीलची परात मोरीत पडल्यासारखी — टंग! सुनंदाबाईंनी कीबोर्डवरच्या जोएलकडं बघितलं. अनुग्रहला वाटलं, दुकानात पडून तारा शिळ्या झाल्या असतील. शनिवारी नव्या घातल्या. आणखी टंग! पुढच्या शनिवारी पुन्हा नव्या. त्याच्या पुढच्याही. आई गल्लीभर सांगत सुटली, माझा लेक देवाला शिळं देत नाही.

सणाला आठ दिवस राहिले, तेव्हा हा गेला भास्करकाकांकडं. काका ओट्यावर वाटाणे सोलत बसलेले.

"काका, तुमच्या गिटारच्या तारा द्या मला."

"तुझ्या कुठं गेल्या?"

"बदलतो मी दर शनिवारी."

काकांचा हात थांबला. "मी अकरा वर्षं नाही बदलल्या."

"अकरा?"

"आठवडाभर तारांना बोटं सवयीची करतोस, आणि शनिवारी सगळं काढून कचऱ्यात टाकतोस. आवाज मुरायचा कधी, बाळा?"

अनुग्रह हट्टाला पेटला. काकांनी तारा दिल्या नाहीत. म्हणाले, "त्या माझ्या बोटांनी मुरल्यात. तू तुझ्या मुरव." पण सगळं समजावून सांगितलं. ह्या खरखरीत गुंडाळीच्या तारा काढ, गुळगुळीत घाल. तारांखाली, बुडाशी, भांडी घासायच्या स्पंजाची कोरी पट्टी सरकव. आवाजाची धार कमी करायचं बटण खाली घे. अंगठ्यानं वाजव. आणि तारा कापायची पक्कड घरी ठेवू नको.

अनुग्रहनं गुळगुळीत तारा घातल्या, आणि ते आठ दिवस रोज संध्याकाळी वाजवत बसला. शनिवारी आईनंच नव्या तारांचं पाकीट आणून पुढ्यात ठेवलं. त्यानं हात लावला नाही. आई पाकीट उचलून पाय आपटत आत गेली.

रविवार, हंगामाचा सण. वेदीपाशी नव्या पिकाची अर्पणं — कांदे, केळी, उसाच्या मोळ्या. पहिलं गीत सुरू. अनुग्रहचा अंगठा पडला — धुम्. काकांचा होता का? छे! काकांची चाळीस वर्षं, ह्याचे आठ दिवस. थोडा कच्चा, थोडा घाबरलेला, पण धुम्! जोएलचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर तयार होता. दुसऱ्या कडव्याला तो हात उचलला, आणि गेला खिशात. सुनंदाबाईंनी बघितलं. काढायला नाही सांगितला.

प्रार्थना संपल्यावर अनुग्रहपाशी आल्या. "पुढच्या रविवारी साडेसातला हजर. तारा बदललेल्या दिसल्या, तर माझ्याशी गाठ आहे."

आता तुमच्याकडं वळतो. मघापासून फार मजेत आहात! तिसऱ्या रांगेतले दादा — जानेवारीत पहाटेची प्रार्थना, फेब्रुवारीत उपास, मार्चात मौन. दर महिन्याला कोरी तार! आणि वर मलाच विचारता, मनाला गोडी का येत नाही? अहो, कोरं देवाला चालतं. नाही म्हणत नाही. पण दिल्यावर त्याच्यावर रोज बोट ठेवावं लागतं, कंटाळ्याच्या दिवशीसुद्धा. मुरतं ते तिथं.

म्हणून आज घरी जाऊन नवा संकल्प करू नका. कालची जी प्रार्थना अर्धी सोडलीत, तीच उद्या पुरी करा. चला, डोळे मिटा. मी थांबतो, तुम्ही सुरू करा.