मेरेवाईनं सांगितलं होतं

—नाही भाऊ, जमिनीवर नका बसू, माझ्यासमोर तर मुळीच नको, ही खुर्ची घ्या, आणि माफीचा नजराणा म्हणून आणलेली ती यांगोनाची मुळं पिशवीतच राहू द्या. माफी मागायला आलात, कळलं मला. तावेउनी बेटावरून बोट, मग बस, अंगात इस्त्रीचा शर्ट – तुमच्या पोरीनं, मेरेवाईनं, इस्पितळातली नोकरी टाकली, गावाला मान खाली घालायला लावली, असंच ना? घरी काय सांगितलं तिनं? का सोडली, ते काहीच नाही? नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असते? जेवते तरी का?

हे बघा, मेरेवाई माझ्या हाताखाली चारच महिने होती. नव्या नर्सेस पहिल्या महिन्यात सगळ्याच रडतात – मीही रडायचे, चादरींच्या खोलीत तोंड खुपसून – पण ही नाही रडली. मुलांचा वॉर्ड, सव्वीस खाटा आणि आम्ही दोघी. बाकीच्या गेल्या न्यूझीलंडला. मग नवीला शिकवणार कोण? मीच. आणि मी शिकवते कशी – खेकसून.

त्या मंगळवारी… सात महिन्यांचं बाळ होतं, न्यूमोनियाचं. ही आली, म्हणाली, "सिस्टर, छाती फार आत ओढतंय, डॉक्टरांना बोलावू?" मी दुसऱ्या मुलाला सलाइन लावत होते. म्हटलं, "तुम्हा नव्यांना सगळंच मरायला टेकलेलं दिसतं." परत आली. परत हाकलली. बाराला बाळ गेलं.

थांबा, उठू नका, पुरतं ऐका. आई किंचाळतेय, डॉक्टर विचारतायत, कुणाचंच लक्ष नव्हतं का – आणि मी, सगळ्यांदेखत, मेरेवाईला म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?" हो. मी. तोंडातून निसटलं – नाही, निसटलं कसलं, मी म्हटलं. तिनं नुसतं पाहिलं माझ्याकडे. मग बाळाला पुसलं, टोपी घातली, आईच्या मांडीवर दिलं, आणि बाकीच्या मुलांना जेवण वाढायला गेली. पुढे नऊ दिवस येत राहिली. दहाव्या दिवशी राजीनामा टेबलावर ठेवला आणि गेली.

बाळाच्या नोंदींच्या कागदावर आहे हो सगळं. तिच्या अक्षरात – दहा वीसला सिस्टरना सांगितलं, दहा पन्नासला पुन्हा सांगितलं. चौकशी झाली तेव्हा तो कागद मी… माझ्या कपाटात आहे. एकतीस वर्षं झाली मला इथं, म्हटलं, आता शेवटाला कशाला… ते जाऊ दे. आत्ता नेते मेट्रनकडे. तुमच्यादेखत नेते. आणि रविवारी येते तुमच्या गावी, तिला माझ्या तोंडानं सांगते, की बाई गं, तू—

मान का हलवताय? नको येऊ?

घरी तेवढं एकच म्हणाली होती ती? माझा आवाजसुद्धा नको, असं?

बरं.

बरोबर आहे तिचं. चला, कागद तेवढा देते मेट्रनकडे, मग या तुम्ही, भाऊ. बस निघेल तुमची.