मांडीवरचं जाळं

आमचा कोळीवाडा नागावच्या पुढं, खाडी दर्याला मिळते तिथं. माजा जन्म तिथलाच, माज्या बापाचाबी तिथलाच. चालायला लागलू तवाच होडीत बसलू. शाळेत नाव व्हतं, पन मास्तर हजेरी घ्यायचे तवा हिराजी पान्यात. पुढं तांडेल झालू, तांडेल म्हंजे बोटीचा मुख्य, खलाशी माज्या शब्दावर जाळं टाकायचे. आता मला कोन तांडेल बोलत न्हाय, दवाखान्यावाला दादा बोलतात. काय सांगू तुम्हाला ताई, हे नाव मला जास्ती गोड लागतं, आन् ते कसं मिळालं ते ऐकाल तर तुम्हीच लाजाल. मी न्हाय लाजनार. माजी लाज कवाच संपली.

मला अंडाचा रोग झालेला. डास चावतो, त्याच्यातून जंतू अंगात जातात, मंग कुनाचा पाय सुजून हत्तीसारखा व्हतो, तो सगळ्यांना दिसतो. आन् कुना पुरुषाच्या अंडात पानी भरतं, ते कुनाला दिसत न्हाय, कारन दावनार कोन? डाक्टर त्याला हायड्रोसिल बोलतात. आमच्यात त्याला नावच न्हाय. गुडघे दुखतात, असं बोलायचं आन् गप बसायचं.

पन दर्यावर गप बसून चालत न्हाय ना. आमचेकडं धक्का न्हाय, बोटीवर चढायचं तर कमरेएवढ्या पान्यातून जायचं, आन् वर चढलं की ओलं कापड अंगाला चिकटतं. समजलं का? म्हनून मी दर्या सोडला. तांडेल मानूस, बोट पुतन्याच्या हातात दिली आन् ओटीवर जाळी शिवत बसलू. सगळ्या वाड्याची फाटकी जाळी माज्याकडं. जाळं मांडीवर पसरलं की खालचं काय दिसत न्हाय, आन् पाव्हना आला तरी उठायला लागत न्हाय, हात कामात हायत ना! लग्नाला न्हाय, हळदीला न्हाय. होळीला आमचे पुरुष कमरेला तिकोनी रुमाल बांधून नाचतात, त्यात तर काय झाकतच न्हाय. माजा रुमाल पेटीत आन् मी ओटीवर. ढोलताशाचं वाजप ऐकून रडायला यायचं, खरं सांगतू.

माजी बायको जनी मासळी विकते, तोंडाची तिखट. एक दिवस बाजारात तिनं आरोग्य केंद्राच्या सिस्टरना गाठलं आन् पापलेटाचा भाव सांगावा तसं सगळं मोठ्यानं सांगून आली. मी असा भडकलू, असा भडकलू! ती बोलली, भडका, पन उठून भडका, बसून काय भडकता. आता उठायचे तर वांदे. गेलू मंग. सरकारी दवाखान्यात फुकटात आपरेशन, भूल दिली, काय समजलंबी न्हाय. मंग काय दिवस आराम केला, टाके सुकले, डाक्टर बोलले आता पान्यात जा. मी सरळ दर्यात कमरेएवढा शिरलू आन् बाहेर आलू. बाया वाकटी मासळी सुकत घालत व्हत्या, त्यांच्या समोरून ओला गेलू. कुनी वळून बघितलंबी न्हाय. मला मातर वाटत व्हतं, सगळ्या गावानं बघावं.

तवा डाक्टर बोलले, हिराजीभाऊ, पुरुष मानसं आमच्या सिस्टरना सांगत न्हायत, तुम्ही आमच्याबरोबर फिराल का? पगार न्हाय, टोपी हाय. मी बोललू, द्या टोपी. तसा मी स्वयंसेवक झालू. ह्या रोगाच्या गोळ्या वाटायच्या असल्या की सिस्टर बायांकडं जातात, मी जाळी शिवनाऱ्यांकडं. मला लांबून समजतं. जो पाव्हना बघून जाळं खाली ठेवत न्हाय, तो आपला.

आन् त्यात दामू निघाला. दामू माज्या बोटीवरचा खलाशी, लहानपनापासून माज्या बाजूला वल्हं मारलेला. त्यानंबी गुडघ्याचं सांगून दर्या सोडलेला, आन् मी येडा त्याच्या गुडघ्याला तेल देऊन आलेलू! त्याच्या लेकीचं, मनीचं लग्न ठरलं. पोरगी माज्याकडं रडत आली. काका, बाबा बोलतात मी मांडवात येनार न्हाय, कन्यादान चुलता करंल. मी डाक्टरना विचारलं, ते बोलले आता लगेच आला तर लग्नापर्यंत उभा राहील, उशीर केला तर न्हाय. केंद्रातला एक कर्मचारी समजवायला गेला, दामूनं त्याला शिव्या घालून हाकलला.

मंग मी गेलू. दामू ओटीवर, मांडीवर जाळं. त्यानं बोंबलाच्या गोष्टी काढल्या, वाऱ्याच्या काढल्या, मनीचं नाव काढंना. मी जाळं बघत व्हतू. बोललू, दामू, हे फाटलंय कुठं? कोरं जाळं, दुकानाचा वास न्हाय गेला त्याचा! दामू बोलला, फाटंल.

काय सांगू ताई, मला हसू आलं आन् वाईटबी वाटलं. तसाच घरी आलू, पेटीतला रुमाल काढला, कमरेला बांधला आन् भर दिवसा सगळ्या वाड्यातून चालत गेलू. जनी मागनं वरडते, अवो होळी न्हाय आज! दामूच्या समोर उभा राहिलू. बोललू, बघ. तो मान वर करंना. बोललू, बघ रे, तुज्यापेक्षा मोठा व्हता माजा. आत त्याच्या बायकोच्या हातातलं भांडं पडलं. तवा दामूनं बघितलं. लय वेळ बघितलं. मंग बारीक आवाजात बोलला, दादा, दुखतं काय रे? मी बोललू, लेक दुसऱ्याच्या हातानं देशील, ते जास्ती दुखंल. त्यानं जाळं बाजूला केलं, माजा हात धरला आन् उठला.

हळदीला दामूनं रुमाल बांधला, ताई! धवलारीन लग्नाची गानी बोलत व्हती, वाजप चाललेलं, आन् दामू मी दोघं असे नाचलू, डाक्टर आलेले त्यांनाबी मधी ओढलं. दुसऱ्या दिवशी त्यानंच लेकीचा हात दिला, ताठ उभा राहून. मी अक्षता टाकताना डोळं पुसलं, माजीच लेक जात हाय असं वाटलं.

आन् तेवढ्यात बघतू तर नवऱ्याकडचा एक म्हातारा मागच्या खुर्चीवर. सगळे मांडवात उभे, तो एकटा बसलेला, मांडीवर कापडी पिशवी दाबून धरलेली. मी टोपी शोधायला लागलू. पन माज्या आधी दामू पोचला. लेकीचा बाप, अजून अंगाला हळद, जाऊन त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसला आन् बोलला, बाबा, गुडघे दुखतात काय?

आता आम्ही दोघं फिरतू, दामूलाबी टोपी मिळाली. तो म्हातारा परवा भेटायला आलेला, पिशवी हातात लोंबकळवत, चालत. माजी ओटी मोकळी हाय, ताई. तुमच्या गावात कोन असा बसलेला दिसला तर आम्हाला निरोप धाडा. सगळ्यांना आपल्या लेकीच्या अक्षता उभं राहून टाकायला मिळू देत, दुसरं काय मागू?