पुडीतले केस

सारजाबाई : पुन्यांदा तेच! सासूचे केस पुन्याला न्यायचे? सुनेनं असं कायतरी मागितलेलं मी जल्मात ऐकलं न्हाई.

सोनल : आत्या, प्रयोगाला पाहिजेत. मागच्या खेपेला पुडी दिलीच होती ना तुम्ही.

सारजाबाई : दिली व्हती. मग?

सोनल : त्यात म्हशीच्या शेपटीचे केस होते.

सारजाबाई : कुनी सांगितलं? माज्या भरतनं?

सोनल : कोणी कशाला सांगायला पाहिजे? सुतळीसारखे लागले हाताला.

सारजाबाई : तुज्या कालिजातल्या मशिनीनं न्हाई वळखलं?

सोनल : नाही. एक्स-रेच्या फोटोत माणसाचे नि म्हशीचे केस जवळजवळ सारखेच. आतले प्रथिनाचे धागे तसेच पिळलेले.

सारजाबाई : म्हंजी मशिनीच्या लेखी मी आन म्हस येकच! वा गं शिकलेली! आन एक्स-रे मोडल्याल्या हाडाचा काडत्यात. केसाला कुटं हाड?

सोनल : हाड नाही, पण पीळ आहे. किरण केसातून जातात, फिल्मवर डाग उमटतात. त्या डागांवरून पीळ कळतो. वाफेवर ताणला की केसाचा पीळ उकलतो. सोडल्यावर परत बसतो का, ते बघायचंय मला.

सारजाबाई : मग तुजे घे की. डोक्याव काय थोडे हायेत?

सोनल : माझे लग्नात पार्लरमध्ये सरळ केलेत. औषधानं आतला पीळ बिघडतो. मैत्रिणींचे रंगवलेले. तुमच्या केसांना शिकेकाईशिवाय काही लागलेलंच नाही.

सारजाबाई : गोड बोलू नगं. आमी इंचरल्याले केस थुकून भिंतीच्या फटीत कोंबतो, ते काय उगं? कुनाच्या हाती लागले की करनी व्हती. धोंडाबाईच्या सुनेनं वरीस भरायच्या आत येगळी चूल मांडली. लेक आता वळखबी दावत न्हाई आईला.

सोनल : म्हणजे मी भरतला तोडीन तुमच्यापासून.

सारजाबाई : येकच हाय मला.

सोनल : (अंबाडा सोडत) ही घ्या कात्री. माझे केस कापून ठेवा तुमच्या पेटीत. मी काही केलं, तर तुम्ही माझ्यावर करणी करा.

सारजाबाई : खुळी का काय! सुनेचे केस सासूच्या पेटीत घावले तर गाव मलाच चेटकीन म्हनंल. बांद तो अंबाडा.

सोनल : मग सोडते शिक्षण. सरांना काय दाखवू?

सारजाबाई : म्हशीच्या केसाचं भरतला सांगितलं का?

सोनल : नाही.

सारजाबाई : का गं?

सोनल : भांडला असता तुमच्याशी.

सारजाबाई : ...दार लोट आदी. वट्ट्याव शेजारची अंबाबाई बसलीया.

सोनल : लोटलं.

सारजाबाई : हितनं घे, मानंजवळनं. काळे बघून. पांडरा निगाला तर माज्या हातात दे, फटीत कोंबते.